तीन दिवस, एक पोट आणि कोलकाता

काय बघायचं ते नंतर. आधी काय खायचं, कुठे खायचं आणि मुख्य म्हणजे किती वाजता खायचं, ते ठरवा. कोलकात्याच्या ट्रिपचं प्लॅनिंग असं उलटीकडून सुरू केलं, की बाकीचं आपोआप जमतं!

लाँग विकेंडची चाहूल लागली की ऑफिसातली माणसं दोन गटांत विभागली जातात. पहिला गट आधी तिकिटं काढून मोकळा होतो आणि मग डोकं खाजवतो, की आता राहायचं कुठे? दुसरा गट एक्सेल शीट उघडतो. आमच्या चौकडीत दोन्ही नमुने आहेत. एक बँकवाली, एक आयटीवाला, एक एचआरमधली आणि चौथी मी. मी फ्रीलान्सर. म्हणजे रजेसाठी कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत, पण प्रत्येक रजा बिनपगारी!

कोलकात्याला जायचं ठरलं आणि दुसऱ्याच दिवशी आयटीवाल्याची शीट हजर. तीन दिवसांत २७ ठिकाणं. प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली. व्हिक्टोरिया मेमोरियल : ४५. हावडा ब्रिज : २०. रंगीत रकाने, फॉर्म्युले, सगळं कसं चोख. आणि जेवणाच्या रकान्यात तिन्ही दिवशी एकच नोंद : 'लंच - ऑन द वे'.

मंडळी, शहरातली ट्रिप फसते ती याच 'ऑन द वे'मध्ये.

महाबळेश्वरला किंवा तारकर्लीला गेलात तर जेवणाचा प्रश्न नसतो. हॉटेलवाला सांगेल त्या वेळी तो वाढेल ते खायचं, आणि झोपायचं. शहरात मात्र पर्यायच इतके, की प्रत्येक जेवण हा एक निर्णय असतो. चार जणं, तीन दिवस, म्हणजे नऊ जेवणं आणि मधलं चरणं वेगळं. प्रत्येक वेळी फुटपाथवर उभं राहून 'तू सांग', 'नको, तू सांग' असा दहा-दहा मिनिटांचा खेळ. दुपारी अडीच वाजता, पाय दुखत असताना, मोबाइलची बॅटरी १२ टक्क्यांवर आलेली असताना हा खेळ खेळून बघा. ग्रुपमधली भांडणं पैशांवरून होतात असं लोक म्हणतात. माझं निरीक्षण वेगळं आहे. ती भुकेवरून होतात. पैसे हे फक्त निमित्त!

एवढी मिनतवारी करून मिळवलेली सोमवारची रजा अशी चिडचिडीत घालवायची, हे काही पटेना. म्हणून मी शीट मागून घेतली आणि उलटी केली. पहिला रकाना जेवणाचा, दुसरा वेळेचा, तिसरा त्या भागाचा. आणि त्या भागात पायी जाता येईल तेवढंच चौथ्या रकान्यात, 'बघायचं' म्हणून. २७ ठिकाणांपैकी ११ उरली. आयटीवाला दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

घड्याळ एक तास पुढे

हा फंडा कुठल्याही शहराला चालेल, पण कोलकात्याला तो अगदी चपखल बसतो. कारण तिथे प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. चिनी नाश्ता पहाटेचा. भात-माशांचं जेवण दुपारचं. कटलेट आणि तेलेभाजा, म्हणजे आपल्या भाषेत भजी, संध्याकाळची. वेळ चुकली की तो पदार्थ त्या दिवसापुरता संपला.

त्यात आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. देशाचं घड्याळ एक असलं तरी सूर्य एक नाही. कोलकाता मुंबईच्या खूप पूर्वेला, त्यामुळे तिथे सगळं साधारण तासभर आधी घडतं. डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सात वाजता उगवतो आणि सहा वाजता मावळतो. कोलकात्यात तोच सहाला उगवतो आणि पाचच्या आत गुडूप! म्हणजे आपल्या सवयीने नऊला उठून, अकराला बाहेर पडून, 'सनसेट हावडा ब्रिजवर' असं ठरवलंत, तर हातात जेमतेम सहा तास उरतात. लवकर उठा. सुट्टीत उठवणाऱ्याचा राग येतो हे मान्य, पण तिथे पहाटे उठण्याचं बक्षीस गरमागरम असतं. त्याबद्दल पुढे सांगतेच.

दुसरं गणित वारांचं. इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं सोमवारी बंद. कॉलेज स्ट्रीटची बहुतेक पुस्तकांची दुकानं रविवारी बंद. चिनी नाश्त्याची खरी रौनक रविवारी. एवढे तीन वार लक्षात घेतले तरी शनि-रवि-सोमची ट्रिप अर्धी आखून होते.

मोसम म्हणाल तर थंडीचा. हवा चांगली हे एक कारण आहेच, पण खरं कारण नोलेन गुड. खजुराच्या रसाचा हा नवा गूळ साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मिळतो आणि तेवढे दिवस शहरातल्या प्रत्येक मिठाईवाल्याच्या काचेमागे सगळं बदामी होऊन जातं. दुर्गापूजेत जायचं असेल तर हा लेख बाजूला ठेवा. ती वेगळीच ट्रिप असते. रात्रभर मंडप, दिवसभर झोप.

शनिवार : काठी म्हणजे आपली काठीच

सकाळच्या फ्लाइटने उतरलो. विमानतळापासून मेट्रो २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, नोआपाड्याला गाडी बदलायची आणि थेट पार्क स्ट्रीट. सामान टाकलं आणि पहिला मुक्काम न्यू मार्केटच्या मागचं निझाम्स.

काठी रोलचा उगम इथलाच मानतात. 'काठी' हा शब्द ऐकून आपण उगाच काहीतरी फॅन्सी अर्थ शोधतो, पण बंगालीतली काठी आणि मराठीतली काठी एकच. कबाब लोखंडी सळईऐवजी बांबूच्या काडीवर भाजायला लागले, म्हणून काठी कबाब. तो पराठ्यात गुंडाळला की काठी रोल. पराठ्याला थर सुटलेले, आतून अंड्याचा पातळ पापुद्रा, कांदा, हिरवी मिरची, लिंबू. बस्स. सॉसचा पूर नाही, मेयोनीज नाही. मुंबईची फ्रँकी खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्या घासाला वाटतं, काहीतरी राहिलंय. तिसऱ्या घासाला कळतं, काहीही राहिलेलं नाही.

तिथून इंडियन म्युझियम चालत पाच-सात मिनिटांवर. बंगाली लोक त्याला 'जादूघर' म्हणतात. १८१४ सालचं हे म्युझियम देशातलं सर्वांत जुनं. ममी बघायला झुंबड असते, तिथे फार वेळ घालवू नका. भारहुतच्या दालनात जा. आजच्या मध्य प्रदेशातल्या एका स्तूपाचा लालसर दगडी कठडा तिथे उभा आहे, सव्वादोन हजार वर्षांच्या आसपासचा. त्यावर जातककथा कोरल्यात. हत्ती, माकडं, झाडं. अक्षरशः दगडातलं कॉमिक बुक! पोट भरलेलं असलं की म्युझियम फार छान बघता येतं. रिकाम्या पोटी प्रत्येक मूर्ती सारखीच दिसते.

बाहेर पडलो तर पाच वाजता दिवे लागलेले. पुचका खाल्ला. पाणीपुरीच, पण रगडा नाही, गोड चटणी नाही. मसालेदार बटाटा आणि चिंचेचं आंबट पाणी. आमच्या बँकवालीने 'थोडं मीठा पानी' मागितल्यावर पुचकेवाल्याने तिच्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ते बघण्यासारखं होतं.

रात्री पार्क स्ट्रीट. १९२७ पासूनचं फ्लुरीज, उषा उथुप १९६९ साली जिथे गायला लागल्या ते ट्रिंकाज, आणि चेलो कबाबसाठी पीटर कॅट. रांग असते. ख्रिसमसच्या आठवड्यात तर विचारूच नका. लवकर जा, नाव नोंदवा आणि फुटपाथवर फेरफटका मारा. पार्क स्ट्रीटबद्दल माझं मत विचाराल तर एक रात्र पुरे. दुसऱ्या रात्री तिथे जाणं म्हणजे मुंबईला येऊन रोज कुलाब्यात जेवणं.

आमचा शाकाहारी

आयटीवाला शुद्ध शाकाहारी. पुण्याचा. अंडंही नाही. 'कोलकात्यात मी काय फक्त रसगुल्ले खाऊ?' हा त्याचा निघायच्या आधीचा प्रश्न. तर अशा सगळ्या पीडितांसाठी एक शब्द देते, तो पाठ करा : निरामिष. 'व्हेज' म्हटलं तर घोळ होऊ शकतो. काही घरांत नि खानावळींत डाळीतही माशाचं डोकं घालतात, कोबीतही घालतात. 'निरामिष' म्हटलं की प्रश्न मिटला. पारंपरिक अर्थाने त्यात कांदा-लसूणही नसतो. बंगाली विधवांवर पूर्वी मासे-मटण आणि कांदा-लसणाचीही बंदी असायची. त्या बायकांनी दुधीच्या सालीपासून केळफुलापर्यंत जे हाताला लागेल त्यातून हा सगळा स्वयंपाक रचला. मोचार घंटो, धोकार डालना, पोश्तो, शुक्तो. इतका चविष्ट आणि इतक्या वाईट कारणाने जन्मलेला स्वयंपाक दुसरा कुठला मला तरी माहीत नाही.

सकाळी कोचुरी आणि आलूर दम, किंवा लुची आणि नारळाचे तुकडे घातलेली छोलार डाल. तीन दिवसांत आमच्या शाकाहाऱ्याचं वजन बहुधा सर्वांत जास्त वाढलं असावं.

रविवार : पहाटेचा बाओ, दुपारचा बटाटा

साडेपाचचा गजर. शिव्याशाप. सव्वासहाला आम्ही पोद्दार कोर्टाच्या मागे, तिरेट्टा बाजारात. एडवर्ड तिरेट्टा नावाच्या व्हेनिसच्या माणसाचा अठराव्या शतकातला हा बाजार. पुढे इथे चिनी वस्ती झाली. १९६२ च्या युद्धानंतर कितीतरी चिनी कुटुंबांना अटकेत टाकलं, देवळीच्या छावणीत पाठवलं, आणि त्यानंतर बरीच मंडळी देश सोडून गेली. उरलेल्यांनी, आणि त्यांच्याकडून शिकलेल्या शेजाऱ्यांनी, पहाटेचा हा बाजार चालू ठेवलाय. फुटपाथवर ॲल्युमिनियमची मोठी भांडी, वाफ, त्यात पोर्क बाओ, मोमो, फिश बॉल सूप, तिळाचे लाडू. आठ-साडेआठला सगळं आवरतं. दरवेळी जाणारे लोक सांगतात, की टेबलं कमी होत चाललीत. म्हणून जायचं असेल तर 'कधीतरी' नको.

आमचा शाकाहारी? बडाबाजार शेजारीच आहे आणि तो मारवाड्यांचा बालेकिल्ला. कचोरी-जिलबी खाऊन तो आमच्या आधी तयार. ग्रुपमध्ये सगळ्यांनी एकाच टेबलावर खाल्लंच पाहिजे, हा हट्ट सोडला की निम्मे प्रश्न सुटतात.

तिथून मल्लिक घाटाचा फूलबाजार. दादरचं फूलमार्केट अनेक पटींनी मोठं करा आणि नदीकाठी नेऊन ठेवा. झेंडूच्या माळांचे दोरखंड खांद्यावर टाकून माणसं धावत येतात. वाट अडवून फोटो काढत बसू नका, ढकलले जाल! डोक्यावर हावडा ब्रिज. १९४३ साली वाहतूक सुरू झालेल्या या पुलात नटबोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटिंग. युद्धातही न हललेल्या या पुलाचे पाय पान-गुटख्याच्या पिचकाऱ्यांनी गंजायला लागले, म्हणून बंदर विभागाला त्यांना फायबरग्लासचं आवरण घालावं लागलं. आपण भारतीय!

पुलावरून चालत पलीकडे, आणि येताना मेट्रो. हुगळीच्या पात्राखालचा हा बोगदा २०२४ च्या मार्चमध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. नदी ओलांडायला पाऊण मिनिटही लागत नाही. एकदा तसं आणि एकदा फेरीबोटीने जा. बोट जास्त आवडेल, पैजेवर सांगते.

दहानंतर ब्रेबर्न रोड. इथे एका चालण्यात जे दिसतं ते बघून थक्क व्हायला होतं. १८८४ चं मागेन डेव्हिड सिनेगॉग, जवळच पोर्तुगीज चर्च, पलीकडे १७२४ चं आर्मेनियन चर्च आणि चितपूर रस्त्यावर नाखोदा मशीद. सिनेगॉगची देखभाल करणारी मंडळी पिढ्यान्पिढ्या मुस्लिम आहेत. शहरात ज्यू माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरलीत, पण आतलं पितळ आणि रंगीत काचा लखलखीत. ओळखपत्र जवळ ठेवा.

नाखोदाच्या परिसरातच रॉयल. १९०५ पासूनचं. आता बिर्याणीचा मुद्दा. कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा का? १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह लखनौहून कोलकात्याला आले, मटियाबुर्जला राहिले. पैशांची चणचण, मटण परवडेना, म्हणून बटाटा, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक टॅक्सीवाला सांगेल. नवाबाच्या वंशजांना ती मान्य नाही. त्यांच्या मते बटाटा तेव्हा नवलाईचा होता, हौसेने घातला. मला दुसरी गोष्ट जास्त पटते. मोठी पेन्शन घेणारा, प्राणिसंग्रहालय पाळणारा माणूस बटाट्यावर काय पैसे वाचवणार? गंमत म्हणजे चितपूरचं जुनं रॉयल ओळखलं जातं ते बिनबटाट्याच्या बिर्याणीसाठी आणि मटण चापसाठी. त्यामुळे दुपारी रॉयल आणि बटाट्यासाठी दुसऱ्या दिवशी अर्सलान किंवा शिराझ, असा निवाडा एचआरवालीने दिला. तिचं कामच ते.

बारगी आले!

दुपारी महात्मा गांधी रोडवरून मेट्रो पकडून शोभाबाजारला उतरलो. कुमारटुली. मूर्तिकारांची वस्ती. पेणला गणपती बघितलेल्यांनी इथे मुद्दाम जावं, कारण पद्धत पूर्ण वेगळी. आधी बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा, त्यावर गंगेची माती. डिसेंबरात सरस्वतीची तयारी सुरू होते. अर्धवट देवी, बिनडोक्याचे हंस, आणि दुरडीत नुसते हात. इथे खाण्यासारखं फार नाही. चहा घ्या, मातीच्या भांड्यात. त्याला तिथे भाँड म्हणतात, आणि त्यातला चहा आपल्या कटिंगपेक्षाही छोटा.

कुमारटुलीतून उत्तरेला चालत गेलं की बागबाजार. तिथे माझं एक खास काम होतं. नकाशात मला एका गल्लीचं नाव दिसलं होतं : मराठा डिच लेन. पत्ता विचारायला एका घराच्या ओट्यावर बसलेल्या आजोबांना गाठलं. असे ओटे हा उत्तर कोलकात्यातला अड्ड्याचा हक्काचा कट्टा. 'कुठून आलात?' मुंबई. 'मराठी?' हो. आजोबांनी शेजारच्या मित्राला कोपराने ढोसलं आणि मोठ्यांदा म्हणाले, 'ओ रे, बारगी आले!'

दोघं खो-खो हसले. आम्हीही हसलो, पण मला नेमकं कशावर हसायचं ते कळेना. शाळेत आपण रघुजी भोसले वाचतो. नागपूरकर भोसल्यांनी थेट बंगालपर्यंत धडक मारली, ओरिसा मिळवला, चौथाई वसूल केली. परीक्षेत चार मार्कांना. 'अटक ते कटक' म्हणताना छाती फुगते. आजोबांच्या बाजूने तीच गोष्ट अशी : १७४२ ते १७५१ अशी नऊ-दहा वर्षं दरवर्षी घोडेस्वार यायचे, गावं जाळायचे, पीक न्यायचे. बारगीर या आपल्या शब्दाचं तिकडे 'बारगी' झालं. गंगाराम नावाच्या कवीने त्या लुटीवर बंगालीत आख्खं काव्य लिहिलं आणि त्याचं नाव काय, तर 'महाराष्ट्र पुराण'. आणि बंगाली आया आजही ज्या अंगाईने मुलांना झोपवतात, त्यात देशावर आलेले बारगी आहेत. आजोबांनी ती म्हणून दाखवली. चाल इतकी गोड, की अर्थ सांगितल्यावर अंगावर काटा आला.

या बारग्यांच्या धास्तीने १७४२-४३ मध्ये कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीनच मैल झाला. मराठे शहरावर काही आले नाहीत. पुढे १७९९ च्या सुमारास खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. त्याच रस्त्याने आमची टॅक्सी हॉटेलवर गेली. गल्ली? अगदी साधी गल्ली. वाळत घातलेले कपडे, एक इस्त्रीवाला, सायकल. आजोबांनी निरोप देताना सांगितलं, कोपऱ्यावरून रोशोगोल्ला खाऊन जा, बारग्यांना फुकट नाही!

बागबाजार ही रोशोगोल्ल्याची जन्मभूमी मानतात. नबीनचंद्र दास यांनी १८६८ साली तो इथे केला, अशी बंगालची बाजू. ओडिशाची बाजू वेगळी, जगन्नाथाच्या नैवेद्याची. शेवटी २०१७ मध्ये बंगालच्या आणि २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला वेगवेगळं भौगोलिक मानांकन मिळालं. कटकवर हक्क सांगणाऱ्या आम्ही मराठ्यांनी या वादात न पडलेलं बरं. गरम खाल्ला. डब्यातल्या रसगुल्ल्याशी त्याचं नातं चुलत-चुलतसुद्धा नाही.

सोमवार : कडूपासून गोडापर्यंत

सकाळी व्हिक्टोरियाची बाग. दालनं बंद असली तरी बाग उघडी असते, आणि मला विचाराल तर मकराना संगमरवराची ती इमारत धुक्यात बाहेरूनच जास्त देखणी दिसते. अर्धा तास, बस्स.

मग कॉलेज स्ट्रीट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पुस्तकांच्या टपऱ्या, मैल-दीड मैल. मधून ट्रामचे रूळ. १८७३ साली घोड्यांनी ओढलेली ट्राम इथे सुरू झाली. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये राज्य सरकारने मैदानाजवळचा एक छोटा मार्ग वगळून बाकीच्या ट्राम बंद करायचं जाहीर केलं, त्यावर लोक कोर्टात भांडतायत. तुम्ही जाल त्या आठवड्यात कुठली ट्राम चालू आहे ते हॉटेलवर विचारा. मिळाली तर कुठेही जायचं नसताना बसा.

कॉफी हाऊस चुकवायचं नाही. मन्ना डे यांच्या गाजलेल्या बंगाली गाण्यातलं ते हेच. एकेकाळचा अल्बर्ट हॉल. १९५८ पासून कामगारांची सहकारी संस्था तो चालवते. उंच छत, कळकट पंखे, तुरेवाले वेटर, आणि 'इन्फ्युजन' नावाची काळी कॉफी. कॉफी खरं सांगायचं तर यथातथाच आहे. पण एका कपावर दोन तास बसलात तरी कुणी बिल आणून आपटत नाही. लॅपटॉप घेऊन कॅफेत काम करणाऱ्या माझ्यासारखीला या गोष्टीचं मोल विचारा!

पण भूक राखून ठेवा. खरं जेवण मागच्या गल्लीत. स्वाधीन भारत हिंदू हॉटेल. हे 'पाइस हॉटेल', म्हणजे एकेकाळी पैशा-पैशात जेवण देणारी खानावळ. बाहेरगावाहून शिकायला नि नोकरीला आलेल्या पोरांसाठी अशा खानावळी निघाल्या. म्हणजे आपल्यासारख्यांसाठीच की! सुभाषबाबू इथे जेवायचे असं अभिमानाने सांगतात. फळ्यावर खडूने आजचे मासे. केळीचं पान. प्रत्येक जिन्नसाचे वेगळे पैसे, पानाचे आणि लिंबाचेसुद्धा. एक वाजता पोचा. तीननंतर फळ्यावरची नावं एकेक करून पुसली जातात.

आपण जेवताना ताटात सगळं एकदम वाढून घेतो. डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आणि मग मनाला येईल तसं फिरायचं. बंगाली जेवण ओळीने चालतं. आधी कडू शुक्तो, मग डाळ आणि भाजा, मग मासे, मग आंबटगोड चटणी नि पापड, शेवटी मिष्टी. आम्ही सगळं एकदम मागवून कालवायला घेतलं, तर वाढप्याने हाताने थांबवलं. 'दीदी, आस्ते.' एकेक करून वाढलं. कारल्याच्या कडवटपणानंतरची साधी मुगाची डाळ कधी इतकी गोड लागली नव्हती. शीटमध्ये या जेवणाला ४० मिनिटं होती. आम्ही पावणेदोन तास बसलो, आणि कुणाचाच फोन बाहेर आला नाही.

चार पावलांवर पॅरामाउंट, १९१८ पासून सरबतं विकणारं. डाब सरबत घ्या, शहाळ्याचं पाणी आणि मलई. त्याची कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली असं सांगतात. तेच रसायनशास्त्रज्ञ, ज्यांचं नाव आज मराठा खंदकावरच्या त्या रस्त्याच्या एका भागाला आहे.

मार्बल पॅलेस, जोडासाँको, कालीघाट, दक्षिणेश्वर राहिलं. आयटीवाल्याने ते शीटमध्ये लाल केलं आणि खाली लिहिलं, 'फेज टू'.

जाता जाता

विमानतळाच्या वाटेवर हेदुआजवळ नकूरच्या दुकानात थांबा. १८४४ पासून फक्त संदेश. इथे रोशोगोल्ला मागू नका, अपमान होतो! घरी न्यायला 'कडा पाक' घ्या, तो घट्ट असतो आणि प्रवासात दोन-तीन दिवस टिकतो. 'नरम पाक' त्याच दिवशी संपवायचा. आणि जलभरा मात्र तिथेच उभ्या उभ्या खा. वरून साधा संदेश दिसतो, पण पोटात पातळ नोलेन गुड भरलेला असतो. चावताना तो सरळ पुढच्या माणसाच्या दिशेने उडतो. आमच्या बँकवालीचा मंगळवारचा ऑफिसचा पांढरा शर्ट तिने घाईत विमानप्रवासालाच घातला होता. तुम्ही गडद रंगाचा घाला.